बॅच फाइलमधून सर्व्हरला ऑप्शन कसे द्यायचे, आणि ते वाटेत कुठे गळतात

अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यांची कामं मी बघते, तिथे सर्व्हर म्हणजे अकाउंट्सच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलेलं एक विंडोजचं मशीन असतं. त्यावर टॉमकॅट (जावातलं सॉफ्टवेअर चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) किंवा नुसती एखादी जार फाइल (एका फाइलमध्ये बांधलेला जावा प्रोग्रॅम), तिच्यात स्टॉकचं नाहीतर डिस्पॅचचं सॉफ्टवेअर. सकाळी जो पहिला येतो तो डेस्कटॉपवरच्या बॅच फाइलवर, म्हणजे कमांडच्या ओळी लिहिलेल्या साध्या फाइलवर, डबल-क्लिक करतो आणि दिवस सुरू होतो. ही व्यवस्था साधी आहे आणि नीट बसवली तर वर्षानुवर्षं चालते. बिघडते ती एकाच ठिकाणी. मेमरी वाढवायची असते, पोर्ट बदलायचा असतो, कुणीतरी बॅच फाइलमध्ये ऑप्शन (सर्व्हर कसा चालवायचा याची सूचना) लिहितो, सर्व्हर विनातक्रार चालू होतो आणि ऑप्शन मात्र लागलेलाच नसतो.

हे का होतं ते आधी समजून घ्या. तुम्ही लिहिलेला ऑप्शन सर्व्हरपर्यंत तीन हातांतून जातो. आधी कमांड प्रॉम्प्ट ती ओळ वाचतो, मग बॅच फाइल तिचे तुकडे करून पुढे देते, मग जावा ते तुकडे घेतो. प्रत्येकाचे वाचायचे नियम वेगळे. ऑप्शन लागला नाही तर तो यातल्या कोणत्या हातात राहिला एवढंच शोधायचं असतं. उगाच चार ठिकाणी तोच ऑप्शन लिहून बघू नका.

या लेखात सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. फाइलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. टक्का, तारा, अवतरण, स्लॅश ही चिन्हं जशी दिसतात तशीच.

सुरुवात शेवटच्या हातापासून करू, म्हणजे जावापासून. जावाच्या ओळीत जागेला महत्त्व आहे.

जावा -एक्सएमएक्स२०४८एम -डीलॉग.लेव्हल=इन्फो -जार गोदाम.जार --सर्व्हर.पोर्ट=९०९०

यात ‘-जार’च्या आधी जे आहे ते जावासाठी, आणि जार फाइलच्या नावानंतर जे आहे ते आतल्या प्रोग्रॅमसाठी. मेमरीचा ऑप्शन, म्हणजे ‘-एक्सएमएक्स२०४८एम’, चुकून शेवटी गेला तर जावा त्याच्याकडे बघतही नाही. तो प्रोग्रॅमला मिळतो, प्रोग्रॅमला त्याचं काही देणंघेणं नसतं, आणि एरर कुठेच दिसत नाही. ‘--सर्व्हर.पोर्ट’ हा स्प्रिंग बूट या जावाच्या साच्यावर बनवलेल्या प्रोग्रॅमचा ऑप्शन आहे, म्हणून तो शेवटी. डॅश-डीने सुरू होणारे सगळे ‘-जार’च्या आधी. एकच मेमरी ऑप्शन दोनदा लिहिला असेल तर नंतरचा लागू होतो, हेही लक्षात असू द्या. कंपनीच्या स्क्रिप्टमध्ये आधीच एक असतो आणि आपण दुसरा घालतो, तेव्हा यावरून बराच गोंधळ उडतो.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते. ‘जावा_ऑप्ट्स’ नावाचं व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली किंमत) सेट केलं की जावा ते आपोआप वाचेल, असं पुष्कळांना वाटतं. जावा ते वाचत नाही. टॉमकॅटसारख्या सर्व्हरच्या स्क्रिप्ट ते वाचतात आणि ओळीत घालतात. तुम्ही थेट जार चालवत असाल आणि तुमच्या बॅच फाइलच्या ओळीत ‘%जावा_ऑप्ट्स%’ लिहिलेलं नसेल, तर ते व्हेरिएबल असूनही नसल्यासारखं. जावा स्वतःहून वाचतो असं एक व्हेरिएबल म्हणजे ‘जावा_टूल_ऑप्शन्स’. ते वाचलं की तसं स्क्रीनवर लिहूनही दाखवतो. पण ते मशीनवरच्या प्रत्येक जावा प्रोग्रॅमला लागतं, म्हणून मी सर्व्हरसाठी ते वापरत नाही.

आता मधला हात, बॅच फाइल. सगळ्यात जास्त ऑप्शन इथे गळतात.

बॅच फाइलला दिलेली पहिली गोष्ट ‘%१’मध्ये येते, दुसरी ‘%२’मध्ये, असं ‘%९’पर्यंत. सगळं एकत्र हवं असेल तर ‘%*’. आपण धरून चालतो की दोन गोष्टी वेगळ्या होतात त्या मोकळ्या जागेमुळे. पण बॅच फाइलसाठी स्वल्पविराम, अर्धविराम आणि बरोबरचं चिन्ह हेही तोडायच्याच जागा आहेत. म्हणजे तुम्ही

चालू.बॅट -डीसर्व्हर.पोर्ट=९०९०

असं लिहिलंत तर ‘%१’मध्ये ‘-डीसर्व्हर.पोर्ट’ एवढंच येतं, ‘%२’मध्ये ‘९०९०’, आणि मधलं बरोबरचं चिन्ह हवेत जातं. ‘%*’मध्ये मात्र ओळ जशीच्या तशी राहते, चिन्हासकट. म्हणून माझा नियम असा: ऑप्शन नुसते पुढे द्यायचे असतील तर ‘%*’ आणि फक्त ‘%*’. ‘%१’ वापरायचा तो ‘चालू’ किंवा ‘बंद’ अशा एका शब्दासाठी. आणि ‘शिफ्ट’ने आकडे सरकतात, पण ‘%*’ सरकत नाही. पहिला शब्द काढून उरलेलं पुढे द्यायचं म्हणून ‘शिफ्ट’ करून ‘%*’ लिहिलं तर पहिला शब्दही सोबत जातो.

ज्या स्क्रिप्टला हात लावता येत नाही आणि जिच्या आत ‘%१’ वापरलेला आहे, तिथे पूर्ण ऑप्शन अवतरणात द्या: "-डीसर्व्हर.पोर्ट=९०९०". मग तो तुटत नाही. आणि हे सगळं कमांड प्रॉम्प्टमधून करा. पॉवरशेलमध्ये डॅशने सुरू होणारा आणि पोटात टिंब असलेला ऑप्शन अवतरणाशिवाय लिहिला तर तो टिंबापाशीच तुटतो. एका अडचणीच्या जागी दोन होतात.

टॉमकॅटचं उदाहरण जरा तपशिलात सांगते, कारण इथेच पोरांचा सगळ्यात जास्त वेळ जातो. फेब्रुवारीत, द्राक्षाचा सीझन ऐन भरात असताना, पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमधून फोन आला. प्री-कूलिंगमधून पॅलेट बाहेर निघत होते, न्हावा-शेव्याला जाणारा कंटेनर दारात उभा होता आणि लेबल छापायचं सॉफ्टवेअर दर थोड्या वेळाने अडकत होतं. तिथला ऑपरेटर हुशार मुलगा. म्हणाला, “ताई, मेमरी दोन जीबी दिलीय तरी तसंच होतंय.” कुठे दिली म्हणून विचारलं तर त्याने डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये ‘स्टार्टअप.बॅट’च्या पुढे ‘-एक्सएमएक्स२०४८एम’ लिहिलं होतं.

त्याने केलं ते वरवर पाहता अगदी बरोबर वाटतं. पण ‘स्टार्टअप.बॅट’ उघडून वाचली की कळतं. ती आलेले शब्द ‘%१’ आणि ‘शिफ्ट’च्या फेऱ्यात एकेक करून गोळा करते, ‘कॅटॅलिना.बॅट’ला देते, आणि ती फाइल ते शब्द जावाच्या ओळीत शेवटाकडे, टॉमकॅटच्या मुख्य क्लासच्या (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या भागाच्या) नावानंतर घालते. म्हणजे मेमरीचा ऑप्शन जावाला न मिळता टॉमकॅटला मिळाला. शिवाय त्या फेऱ्यामुळे बरोबरचं चिन्ह असलेला ऑप्शन इथे दिला असता तर तो तुटलाही असता. सर्व्हर इतके तास जुन्याच मेमरीवर चालत होता.

टॉमकॅटला ऑप्शन द्यायची जागा एकच, ‘बिन’ फोल्डरमधली ‘सेटएन्व्ह.बॅट’. ही फाइल टॉमकॅटसोबत येत नाही, आपण बनवायची असते. ‘कॅटॅलिना.बॅट’ चालू होताना ती आहे का बघते, असेल तर वाचते. तिच्यात एवढंच लिहायचं:

सेट "कॅटॅलिना_ऑप्ट्स=%कॅटॅलिना_ऑप्ट्स% -एक्सएमएस५१२एम -एक्सएमएक्स२०४८एम"

यापेक्षा जास्त काही नको. ‘कॅटॅलिना.बॅट’ स्वतः कधीही बदलू नका. टॉमकॅटची नवी आवृत्ती टाकली की ती फाइल बदलते आणि तुमचे बदल पुसले जातात. ‘सेटएन्व्ह.बॅट’ तुमची स्वतःची, ती उचलून नव्या फोल्डरमध्ये ठेवली की झालं.

‘जावा_ऑप्ट्स’ आणि ‘कॅटॅलिना_ऑप्ट्स’ यांत काय फरक, हा प्रश्न हमखास येतो. दोन्हींनी मेमरी लागते, म्हणून लोक कुठलंही वापरतात. फरक दिसतो सर्व्हर बंद करताना. ‘शटडाउन.बॅट’ चालवली की निरोप पोचवायला दुसरा एक छोटा जावा सुरू होतो आणि तो चालत्या टॉमकॅटला बंद व्हायला सांगतो. ‘जावा_ऑप्ट्स’मधलं सगळं या छोट्या जावालाही लागतं, ‘कॅटॅलिना_ऑप्ट्स’मधलं लागत नाही. समजा मशीनची रॅम ४ जीबी आहे आणि ‘जावा_ऑप्ट्स’मध्ये ‘-एक्सएमएस२०४८एम’ आहे, तर बंद करणारा जावाही सुरुवातीलाच दोन जीबी मागतो. देखरेखीचा पोर्ट तिथे लिहिला असेल तर तो पोर्ट चालत्या सर्व्हरने आधीच धरलेला असतो, बंद करणारा जावा तिथेच आपटतो आणि सर्व्हर बंदच होत नाही. मग कुणीतरी टास्क मॅनेजरमधून प्रोसेस मारतो आणि अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहतात. म्हणून मेमरी, पोर्ट, लॉग असं सगळं ‘कॅटॅलिना_ऑप्ट्स’मध्येच घाला.

‘स्टार्टअप.बॅट’ नवीन खिडकी उघडते आणि काही चुकलं तर ती खिडकी वाचायच्या आत बंद होते. बसवताना ‘कॅटॅलिना रन’ वापरा. त्याच खिडकीत सगळं दिसत राहतं.

टॉमकॅट नसेल आणि थेट जार चालवायची असेल, तर माझी फाइल साधारण अशी असते:

@एको ऑफ
सेटलोकल
सीडी /डी "%~डीपी०"
सेट "मेमरी=-एक्सएमएस५१२एम -एक्सएमएक्स२०४८एम"
सेट "भाषा=-डीफाइल.एनकोडिंग=यूटीएफ-८"
"%जावा_होम%\बिन\जावा" %मेमरी% %भाषा% -जार गोदाम.जार %*
एक्झिट /बी %एररलेव्हल%

‘सेटलोकल’मुळे या फाइलमधली व्हेरिएबल बाहेरच्या खिडकीत सांडत नाहीत. ‘%~डीपी०’ म्हणजे ही बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर. तिथे जाऊनच पुढचं काम करायचं, म्हणजे फाइल कुठूनही चालवली तरी जार सापडते. ‘/डी’ नसेल तर ड्राइव्ह बदलत नाही. सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर असेल तर फाइल सी ड्राइव्हवरच शोधत बसते.

‘सेट’च्या ओळीत अवतरण कुठे आहे ते नीट पाहा. ते व्हेरिएबलच्या नावाआधी सुरू होतं आणि ओळीच्या शेवटी संपतं. असं लिहिलं की शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा किमतीत शिरत नाही. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा कधीही सोडू नका. चिन्हाआधी सोडली तर ती जागा नावाचाच भाग बनते, आणि ‘मेमरी’ नावाचं व्हेरिएबल रिकामं राहतं. चिन्हानंतर सोडली तर ती किमतीत शिरते.

फोल्डरचा पत्ता ऑप्शनमध्ये देताना एक अडचण येते, ती पटकन लक्षात येत नाही. ‘%~डीपी०’च्या शेवटी उलटा स्लॅश असतो. म्हणून "-डीलॉग.फोल्डर=%~डीपी०" असं लिहिलं की उलगडल्यावर शेवटी उलटा स्लॅश आणि लगेच अवतरण येतं. जावा ही जोडी ‘अवतरणाचं चिन्ह, अक्षर म्हणून’ अशी वाचतो, त्यामुळे त्याच्या लेखी अवतरण बंदच होत नाही आणि पुढचे सगळे ऑप्शन याच एका ऑप्शनच्या पोटात जातात. उपाय सोपा आहे. शेवटी काहीतरी लिहा: "%~डीपी०लॉग्ज", नाहीतर नुसतं एक टिंब, "%~डीपी०.". दोन्ही चालतात.

कंसही असाच त्रास देतो. ‘इफ’च्या कंसात एखादं व्हेरिएबल वापरलं आणि त्याच्या किमतीत ‘प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)’ असा पत्ता असला, तर पत्त्यातला बंद कंस ‘इफ’चा कंस बंद करून टाकतो. किंमत अवतरणात ठेवली की ते टळतं. आणि पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर बॅच फाइलमध्ये ते दोनदा लिहावं लागतं. खरं तर पासवर्ड ऑप्शनमध्ये देऊच नका. टास्क मॅनेजर उघडणाऱ्याला तो वाचता येतो. तो सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलचे हक्क आवळा.

ऑप्शन फार झाले की ओळ लांब होते. कमांड प्रॉम्प्टला एका ओळीत जास्तीत जास्त ८१९१ अक्षरं चालतात. नुसत्या ऑप्शनने ही मर्यादा गाठली जात नाही, पण जार फाइलींची लांबलचक यादी ओळीत असेल तर गाठली जाते. जावा ९पासून यावर चांगली सोय आहे: सगळे ऑप्शन एका साध्या फाइलमध्ये लिहायचे आणि ओळीत नुसतं ‘जावा @ऑप्शन.टीएक्सटी -जार गोदाम.जार’ असं द्यायचं. ती फाइल बॅचच्या हातातून जातच नाही, थेट जावा वाचतो. बरोबरचं चिन्ह, टक्का, सगळं सुरक्षित. फक्त त्या फाइलमध्ये अवतरणातला उलटा स्लॅश दोनदा लिहावा लागतो. मी सरळ स्लॅश वापरते, जावाला तो विंडोजवरही चालतो. नवीन काम असेल तर मी आता हीच पद्धत घेते.

मराठीबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याच पॅकहाउसमध्ये शेतकऱ्याच्या पावतीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग यायची. जावा १७ आणि त्याआधीच्या आवृत्त्या विंडोजवर मजकूर वाचताना विंडोजचंच एनकोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरतात, आणि त्यात देवनागरी बसत नाही. म्हणून वरच्या फाइलमध्ये ‘फाइल.एनकोडिंग’चा ऑप्शन आहे. जावा १८पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरलं जातं. काळ्या खिडकीत मराठी नीट दिसत नाही म्हणून लगेच घाबरू नका. ती खिडकी देवनागरी नीट जोडून दाखवत नाही. लॉगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, खरं काय ते तिथे कळेल.

आणि व्हॉट्सअॅपवर किंवा वर्डच्या फाइलमध्ये आलेला ऑप्शन कॉपी करून चिकटवू नका. वाटेत साधा डॅश लांब होतो, सरळ अवतरण वाकडं होतं. जावाला लांब डॅश म्हणजे ऑप्शन वाटतच नाही. तो त्याला क्लासचं नाव समजतो आणि ‘मुख्य क्लास सापडला नाही’ असं सांगतो. ही एरर दिसली आणि क्लासच्या जागी ऑप्शनचंच नाव दिसलं, तर तो डॅश पुसून हाताने टाइप करा.

आता ऑप्शन खरंच लागला का, हे तपासायचं. टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा, वरच्या पट्टीवर राइट-क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा कॉलम चालू करा. जावाच्या प्रोसेससमोर पूर्ण ओळ दिसेल, तीच अंतिम. तुमचा ऑप्शन तिथे नसेल तर तो बॅच फाइलमध्ये गळाला. असेल पण जारच्या नावानंतर असेल, तर जागा चुकली. आहे, जागाही बरोबर, तरी फरक पडत नाही, तर तोच ऑप्शन पुढे पुन्हा लिहिलेला आहे का ते पाहा. पॅकहाउसमध्ये मी फोनवरून त्या मुलाला हाच कॉलम चालू करायला लावला. त्याने ओळ वाचून दाखवली आणि मेमरीचा ऑप्शन शेवटी ऐकल्याबरोबर काय झालं ते दोघांनाही कळलं.

टॉमकॅट विंडोज सर्व्हिस म्हणून बसवला असेल तर हे सगळं बदलतं. सर्व्हिस बॅच फाइल वाचतच नाही, ‘सेटएन्व्ह.बॅट’सुद्धा नाही. तिचे ऑप्शन रजिस्ट्रीत असतात. ते बदलायला टॉमकॅटच्या ‘बिन’ फोल्डरमधला डब्ल्यूने संपणारा प्रोग्रॅम, म्हणजे ‘टॉमकॅट९डब्ल्यू’, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘जावा’ नावाच्या टॅबमध्ये प्रत्येक ऑप्शन वेगळ्या ओळीवर लिहा. मेमरीसाठी खाली वेगळे चौकोन आहेत, तिथे नुसता आकडा, एमबीमध्ये. मग सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करा. इथे टास्क मॅनेजरमध्ये ऑप्शन दिसत नाहीत. ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये ‘कॅटॅलिना’ने सुरू होणारी आजच्या तारखेची फाइल उघडा. सुरुवातीलाच ‘कमांड लाइन आर्ग्युमेंट’ असं लिहून टॉमकॅट मिळालेला प्रत्येक ऑप्शन एकेका ओळीवर नोंदवतो.

सर्व्हिस नको आणि वीज जाऊन आल्यावर बॅच फाइल आपोआप चालायला हवी, तर टास्क शेड्युलर वापरा. तिथे बॅच फाइलचा पत्ता ‘प्रोग्रॅम’च्या चौकोनात आणि ऑप्शन खालच्या ‘आर्ग्युमेंट्स’च्या चौकोनात. दोन्ही एकाच ठिकाणी कोंबू नका. ‘स्टार्ट इन’मध्ये फोल्डरचा पत्ता द्या, त्यात मोकळी जागा असली तरी अवतरण न लावता. तो चौकोन रिकामा ठेवला तर काम विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरमधून सुरू होतं. आपल्या फाइलमध्ये ‘सीडी /डी’ची ओळ आहे म्हणून ती तरीही निभावून नेईल. मात्र लॉगिन न करता चालणाऱ्या टास्कला झेड ड्राइव्हसारखे जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाहीत. बॅकअपचा फोल्डर ऑप्शनमध्ये द्यायचा असेल तर तो दोन उलट्या स्लॅशने सुरू होणाऱ्या पूर्ण नेटवर्क पत्त्याने द्या, आणि टास्क ज्या अकाउंटखाली चालते त्याला त्या फोल्डरवर लिहायचा हक्क आहे का ते आधी बघून घ्या.